अडीच किलोंचा भुगा

पवनीत कुणाचं वजन कमी झालं की लोक अभिनंदन करत नाहीत, चौकशी करतात. "बरं नाही वाटत का जी? साखर तपासली का?" दोन दिवस सलग पानठेल्यावर उभं राहिलेल्या बारीक माणसाला तिसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या एका आणि नागपूरच्या दोन डॉक्टरांचे पत्ते मिळतात. आणि एवढं करूनही त्याला काहीच झालेलं नाही असं कळलं, तर लोक त्याच्यावर नाराज होतात.

गावाचा पिंडच जडपणाचा आहे. भोवती मातीचा जुना तट, तटाबाहेर खंदक, वैनगंगेच्या काठाला दगडी घाट, आणि देवळं इतकी की आम्ही आपल्या गावाला विदर्भाची काशी म्हणतो. काशीवाले काय म्हणतात ते आम्ही विचारलेलं नाही. 1969-70मध्ये पुरातत्त्व खात्याने आणि नागपूर विद्यापीठाने मिळून जगन्नाथ टेकडीला कुदळ लावली, तेव्हा टेकडीच्या पोटातून दोन हजार वर्षांहून जुना भला मोठा स्तूप निघाला. तोवर लोक ती साधी टेकडी समजून चढत-उतरत होते. जड वस्तू आमच्याकडे कुणी हलवत नाही. ती जागच्या जागी बसते, तिच्यावर माती चढते, मातीवर देऊळ चढतं आणि मग देवळाला वर्गणी चढते.

अशा गावात माझ्या साडभाऊंनी वजन कमी करायचं मनावर घेतलं. स्वतःचं कमी केलं असतं तर चौकशी होऊन प्रकरण मिटलं असतं. त्यांनी कमी करायचं ठरवलं ते गाडीचं, आणि गाडीच्याही अशा भागाचं, जो आजवर पवनीत कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

साडभाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींनी 22 एप्रिल 1988 रोजी केलं, त्याच सुमारास साडभाऊ नोकरीला लागले. साडभाऊ रीतसर निवृत्त झाले, निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. प्रकल्प अजून सेवेत आहे. सुरुवातीचा अंदाज 372 कोटींचा होता, आता आकडा हजारो कोटींत मोजतात. इतकी वर्षं अशा कामाजवळ काढल्यावर माणसाला निवृत्तीनंतर काहीतरी झटपट व्हावंसं वाटणारच. मी त्यांना दोष देत नाही.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. नव्या पिढीसाठी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण नव्या पिढीला पद्मिनी म्हटलं की सिनेमाच आठवतो. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने मुंबईत कुर्ल्याला इटलीच्या फियाटच्या गाड्या बनवल्या. पन्नाशीच्या दशकातली ती गोल पाठीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी गाडी लोकांनी 'डुक्कर फियाट' केली. बारशाला कंपनीने काय नाव ठेवलं होतं हे कुणी विचारलं नाही. 1964मध्ये जरा चौकोनी फियाट 1100 डिलाइट आली. पुढे फियाटशी करार संपल्यावर तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974पासून पद्मिनी. प्रेसिडेंटची राणी झाली, पण बॉनेटखाली तेच 1089 सीसीचं इंजिन आणि तेच चाळीसेक घोडे राहिले. 1983च्या डिसेंबरात मारुती आली, तरी पद्मिनी पुढे कितीतरी वर्षं निघतच राहिली. मुंबईत तर तिने काळी-पिवळी होऊन दोन पिढ्या पोसल्या. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि 30 ऑक्टोबर 2023पासून मुंबईच्या रस्त्यावरून ती टॅक्सी बाद झाली. त्या दिवशी साडभाऊंनी टीव्ही बंद करून गाडीला कपडा मारला.

तोपर्यंत त्या गाडीला गावात सरळ 'डबडा' म्हणत. मग नागपूरहून लग्नाला आलेल्या कुण्या पाहुण्याने तिच्याजवळ उभं राहून फोटो काढला आणि "अरे वा, क्लासिक कार!" असं मोठ्याने म्हटलं. तो शब्द साडभाऊंच्या कानात शिरला तो शिरलाच. क्लासिक म्हटल्यावर तिची सेवा आली, सेवा म्हटल्यावर मोबाइल आला, आणि मोबाइलवर इंग्लंडातल्या मिनी नावाच्या लहानग्या गाड्या आल्या. ह्या मिनीने मोंटे कार्लोची रॅली 1964, 1965 आणि 1967 अशी तीनदा जिंकलेली आहे. आकारात ती आपल्या पद्मिनीहून लहान, आणि पळते तर मागे बिबट्या लागल्यासारखी. का पळते? एका व्हिडिओतल्या गोऱ्या म्हाताऱ्याने हातात काळी जड थाळी धरून सांगितलं: हे फ्लायव्हील हलकं करा, इंजिन कसं मोकळं होतं बघा.

साडभाऊंनी तो व्हिडिओ रात्री पाहिला. सकाळी ते मिस्त्रीच्या दारात होते.

आता फ्लायव्हील काय करतं हे पवनीत कुणाला शिकवावं लागत नाही. हा धानाचा मुलूख. वीज येण्याआधी धानाच्या गिरण्या तेलाच्या इंजिनावर चालत, आणि वीज आल्यावरही ती जात असल्यामुळे पुष्कळ वर्षं इंजिन तसंच ठेवलेलं असे. लिस्टर पद्धतीचं, एका सिलिंडरचं, सहा घोड्यांचं उभं इंजिन. दोन्ही अंगांना दोन-दोन फुटांची बिडाची चाकं. ही इंजिनं मूळची इंग्लंडची, पण पुढे राजकोटवाल्यांनी ती इतकी बनवली की इंग्लंडने बंद केल्यावरही राजकोटने केली नाहीत. मिनिटाला साडेसहाशे फेरे. त्यातही गंमत अशी की चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांतून एकदाच स्फोट होतो. तेवढाच अर्धा फेरा इंजिन कमावतं. बाकी दीड फेरा ते धूर बाहेर टाकतं, हवा ओढतं, हवा दाबतं, म्हणजे निव्वळ खर्च करतं. त्या दीड फेऱ्यात हलर कोण चालवतं? चाक. स्फोट झाला की चाक तो ताबडतोब पोटात घालतं आणि पुढचा स्फोट येईपर्यंत थोडा थोडा करून देतं.

आमच्या गल्लीतल्या गिरणीत इंजिन सुरू करणं हा दोन माणसांचा सोहळा असे. एकाने वरची कळ उचलून धरायची म्हणजे आतली हवा दाबली जात नाही, दुसऱ्याने हँडल घालून चाकं फिरवायची. चाकं आधी अजिबात ऐकत नसत. मग कुरकुरत एक फेरा, मग दोन, मग हँडलवाल्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या की "सोड!" अशी आरोळी, आणि पुक... पुक... पुक-पुक करत सगळी गिरणी हलायला लागे. बंद करण्याचा प्रकार त्याहून छान. डिझेल तोडलं तरी चाकं काही मिनिटं आपली फिरतच असत. गिरणीवाले काकाजी तेवढ्या वेळात हिशोब लिहीत, विडी पेटवत, उधारीवाल्याला चार शब्द ऐकवत. चाक थांबेपर्यंत गिरणी बंद झाली असं मानायचं नाही, असा त्यांचा नियम होता. धोतराचा सोगा ज्यांचा त्या चाकात गेला होता, त्यांना तो नियम जास्त पटलेला होता.

पद्मिनीत सिलिंडर चार. त्यामुळे दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट. गाडी जागेवर मिनिटाला आठशे फेऱ्यांनी धुगधुगत असली तरी मिनिटाला सोळाशे स्फोट होतात, म्हणून चाक दोन फुटांचं लागत नाही. पण काम तेच. इंजिन आणि क्लच यांच्या मध्ये ते बसतं, त्याच्या काठावर दातेरी रिंग असते, सेल्फ मारला की सेल्फचं दातेरी चाक तिच्यात अडकून इंजिन फिरवतं. जड चाक असलं की स्फोटांचे धक्के जाणवत नाहीत आणि क्लच जरा वेडावाकडा सोडला तरी गाडी मान टाकत नाही. हलकं असलं की ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच फेरे चढतात, पाय काढताच उतरतात. शर्यतीत गिअर भराभर बदलायचे असतात, तिथे याचा फायदा. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे ह्याच फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड गाड्या आतून कातरून, सोलून पळवल्या जात. साडभाऊंच्या बोलण्यात आता शोलावरम असं येऊ लागलं जसं त्यांचं आजोळ तिथलं असावं.

मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला, फ्लायव्हील खाली घेतलं. ते शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवलं गेलं. साडेआठ किलो. दुकानदाराने सवयीने विचारलं, "पिशवी देऊ का?"

खरादीवरचं काम मात्र पाहण्यासारखं होतं. पोलाद कातताना लांब, निळसर, कुरळ्या पट्ट्या निघतात. बिडाचं तसं नाही. बीड कातलं की काळा भुगा पडतो आणि हाताला पेन्सिलीच्या शिशासारखा लागतो, कारण बिडात ग्राफाइट असतंच. खरादवाल्याने चाकाची मागची बाजू काठाकडून कातायला घेतली. क्लच प्लेट जिथे घासते त्या तोंडाला त्याने हातही लावला नाही. "काठावरचं काढाव लागते जी," तो म्हणाला, "मधातलं काढून काही फायदा नाही." ह्या माणसाने भौतिकशास्त्र कुठे शिकलं असेल ते असो, पण गोष्ट शंभर टक्के खरी आहे. फिरत्या चाकात वजन मध्यापासून जितकं लांब तितका त्याचा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. दुप्पट अंतरावरचा किलो चौपट भारी पडतो. तेव्हा काठावरून घेतलेला पावशेरसुद्धा मधल्या किलोएवढा.

पावशेर म्हणण्याचं कारण असं की साडभाऊ तिथे बाजारात बसल्यासारखी घासाघीस करत होते. "अजून पावशेर काढ न." खरादवाला थोडं काढी. "अजून थोडं. नागपूरला जायचं आहे, शोलावरमला नाही, पण तरी." अडीच किलो भुगा पडल्यावर खरादवाल्याने मशीनच बंद केलं.

"आता नाही काढत जी."

"काहाले?"

"हे बीड होय. पोलाद नाही. जास्त पातळ केलं अन् चार-पाच हजार फेऱ्याले फुटलं, तं तुकडे कोठी जातीन सांगता येत नाही. पाय तिथंच राहते तुमचा."

हे तो हसण्यावारी सांगत नव्हता. बिडाचं चाक पातळ करून जोरात फिरवलं तर ते खरोखर फुटतं, आणि पद्मिनीत त्याचं घर ड्रायव्हरच्या पायांच्या पलीकडेच असतं. शर्यतवाले म्हणूनच पोलादाचं किंवा ॲल्युमिनियमचं वेगळं चाक घडवून घेतात. साडभाऊंनी आपल्या पायांकडे पाहिलं आणि पावशेराचा विषय सोडला. पुढे चाक, क्लचची प्रेशर प्लेट, सगळं एकत्र नागपूरला नेऊन बॅलन्स करून आणलं. काठावर जिथे वजन जास्त निघालं तिथे बारीक भोकं पाडली. हा खर्च अनेक जण वाचवतात आणि मग सगळी गाडी थरथरली की कार्बोरेटरला शिव्या देतात.

एवढं होईपर्यंत घरात काय चाललं होतं? वहिनींना, म्हणजे साडभाऊंच्या बायकोला, गाडीला काहीतरी बसवलं जातंय एवढंच सांगण्यात आलं होतं. काढलं जातंय हे त्यांना नंतर कळलं. घरातल्या आत्याबाईंनी विचार केला तो वेगळाच: चाकाचं काम आहे तर नारळ केळझरच्या एकचक्रा गणपतीला फोडायला हवा होता. पण केळझर वर्ध्याकडे, आणि गाडी तर उघडी पडलेली. शेवटी पवनीच्याच पंचमुखी गणपतीवर भागवलं. तोही विदर्भाच्या अष्टविनायकांतला आहे, शिवाय पाच तोंडं म्हणजे चार सिलिंडर सांभाळून एक शिल्लक.

गाडी जोडून झाल्यावर पहिल्या संध्याकाळी साडभाऊंनी दारात उभी करूनच रेस दिली. आवाज खरोखर बदलला होता. आधी पद्मिनी कुणी उठवलं की 'हूंऽऽ' म्हणून कूस बदलून उठायची. आता पायाचा अंगठा टेकताच व्वांग! पाय काढला की तिथल्या तिथे गप्प. व्वांग, गप्प. व्वांग, गप्प. गल्लीतली पोरं जमली, कुत्री उठली, समोरच्या घरातून कुणीतरी "लगन आहे का?" असं विचारून गेलं. साडभाऊंच्या चेहऱ्यावर मोंटे कार्लोचं तेज होतं. गाडी मात्र अजून एक इंचही पुढे गेलेली नव्हती, आणि खरं सांगायचं तर हलक्या फ्लायव्हीलचं निम्मं सुख एवढंच असतं.

दुसऱ्या दिवशी गाडी पुढे न्यायची वेळ आली. पहिला गिअर, क्लच सोडला, गाडी बंद. परत सेल्फ, पहिला गिअर, क्लच सोडला, गाडीने एक उडी मारली आणि बंद. तीस-पस्तीस वर्षं ज्या माणसाच्या डाव्या पायाने क्लच सोडला, तो पाय जड चाकावर शिकलेला होता. जड चाक पायाची चूक पोटात घालतं. हलकं चाक लगेच सगळ्यांना सांगतं. साडभाऊंना आता रेस देऊनच गाडी उचलावी लागे, म्हणजे हाफ क्लच आला, म्हणजे क्लच प्लेट जळल्याचा तो खमंग वास आला. गाडीचं स्लो मिस्त्रीने वाढवून दिलं तेव्हा ती जरा टिकली, पण सिग्नल नसलेल्या गावात थांबून थरथरणारी गाडी पाहून लोक काचेत डोकावून विचारायचे, "ताप आहे का हिले?"

पवनीचा रस्ता शर्यतीच्या माणसाने आखलेला नाही. बाजाराच्या दिवशी भाज्यांच्या पाट्या, सायकली, खांद्यावर पोतं घेऊन मधूनच चालणारा माणूस, आणि संध्याकाळी नदीकडून परत येणाऱ्या म्हशी. म्हशींच्या मागून गाडी चालवण्यासाठी जगात जड फ्लायव्हीलइतकी सुंदर वस्तू नाही. पहिल्या गिअरात, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून, इंजिन नुसतं रेंगाळत ठेवलं की जुनी पद्मिनी म्हशीच्या चालीने जात असे आणि म्हशीलाही त्याचं काही वाटत नसे. आता दर वीस फुटांवर गाडी उसळी मारायची, म्हैस मागे वळून बघायची, गाडी बंद पडायची, आणि म्हैस थांबायची. वाहतूक ज्या कारणाने तुंबली ते कारण काळं होतं की पांढरं, यावर पानठेल्यावर दोन गट पडले.

आमच्या गावात विज्ञान शिकवणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांनी ह्या प्रकरणाचा हिशोब वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि तो मला पटला. पहिल्या गिअरात गाडीचं चाक एकदा फिरतं तेव्हा इंजिन सोळा-सतरा वेळा फिरलेलं असतं. चौथ्यात चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे चार-साडेचार. आणि परिणाम होतो तो याच्या वर्गाच्या प्रमाणात. तेव्हा काठावरून काढलेले अडीच किलो पहिल्या गिअरात असे वाटतात, की गाडीतून दोन माणसं उतरली. चौथ्यात फक्त आठ-नऊ किलो तांदळाची एक पिशवी उतरल्याइतका फरक. गुरुजी म्हणाले, "म्हणजे पहिल्या गिअरात दोन जण उतरले आणि चौथ्यात परत बसले." घोडा तर एकही वाढत नाही. चाळीस होते, चाळीसच राहतात. फक्त त्यांची बसता-उठता लगबग वाढते. ॲव्हरेजवरही नाव घेण्यासारखा परिणाम नाही.

शिवाय पद्मिनीचा गिअर स्टीअरिंगला. तो खटका हाताने लांबवर फिरवून, वर उचलून, मनात देवाचं नाव घेऊन पडतो. इंजिनाचे फेरे झटकन उतरले तरी गिअर झटकन पडेल कसा? पहिला तर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय गुमान पडतच नाही. मिनीच्या मालकाला अर्ध्या सेकंदाची घाई असते. पद्मिनीच्या गिअरला घाई हा शब्दच माहीत नाही.

नागपूरच्या पहिल्या खेपेला मी सोबत होतो. पवनीहून निलज फाटा, मग भिवापूर, उमरेड, असं ऐंशीच्या आसपास किलोमीटर. मोकळ्या रस्त्यावर गाडी आधीसारखीच जात होती, त्यात साडभाऊंनी फरक पडला का असं मला चारदा विचारलं आणि मी पाहुण्याचा धर्म पाळून चारदा होय म्हटलं. मग रस्त्याचं काम चाललेला एक पट्टा आला. ट्रक पुढे, ट्रक मागे, आणि दोन्हीकडे झाडी. हा सगळा उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा शेजार. 2012मध्ये अभयारण्य झालं, नागझिऱ्याहून आलेला जय नावाचा वाघ इथे राजासारखा राहिला आणि 2016मध्ये नाहीसा झाला. शोधून शोधून सापडला नाही. त्या झाडीकडे तोंड करून गाडी बंद पडली. साडभाऊंनी सेल्फ मारला. पडली. परत मारला. मागचा ट्रकवाला उतरून आला, बॉनेटकडे न बघता थेट साडभाऊंकडे बघून म्हणाला, "काकाजी, गाडी चालवता येते न?"

तीस-पस्तीस वर्षांच्या स्टीअरिंगवर तेवढा एक प्रश्न फार झाला.

मागच्या सीटवर वहिनी होत्या. त्या इतका वेळ गप्प होत्या म्हणून मी सावध होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, गाडीचे अडीच किलो काढले ना तुम्ही?"

"काढले."

"मग डिक्कीत पंचवीस किलोचा तांदळाचा कट्टा का ठेवला?"

डिक्की उघडली तेव्हा नुसता कट्टा नव्हता. मुलीसाठी पोह्यांचे दोन डबे, भिवापूरच्या मिरच्यांची पिशवी, पाण्याचा कॅन, दोन जॅक (एक चालणारा, एक भावनिक), चाकाखाली लावायच्या दोन विटा आणि जुन्या बॅटरीचं लाकडी खोकं. तिथेच उभ्या उभ्या नुसत्या विटा आणि खोकं टाकलं असतं, तरी खरादीने चौथ्या गिअरात जेवढं वाचवलं, तेवढं वाचलं असतं. पण विटा टाकल्याचा व्हिडिओ कोण बघणार?

कायद्याच्या अंगानेही साडभाऊंना कुणीतरी घाबरवून ठेवलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की गाडीत असा बदल करू नये ज्याने नोंदणी पुस्तकातली मूळ माहिती खोटी ठरेल. एमएच 36च्या नोंदणी पुस्तकात इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग असं सगळं असतं. फ्लायव्हीलचं वजन लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. तेव्हा त्या बाबतीत साडभाऊ निर्धास्त असावेत. इन्स्पेक्टरने गाडी चालवून पाहिली, तर त्याच्या हातून ती बंद पडेल आणि तोच ओशाळेल.

परत आल्यावर मिस्त्रीकडे पंचायत बसली. मिस्त्रीच्या पोटात बरंच होतं पण आतापर्यंत तो गिऱ्हाइकाची इज्जत राखून होता. शेवटी बोलला. आमच्या भंडारा-गोंदियात बैलांच्या शर्यतीचा शंकरपट मोठा. बंदी होती तेव्हाही लोकांच्या तोंडी पटच होता, आता 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा उचलून धरल्यापासून तर काही विचारूच नका. पटाची छकडी बघितली तर तिच्यात काहीच नसतं. दोन चाकं, चार काड्या आणि वर हाकणाऱ्याची हिंमत. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "पटाच्या बैलाले कोनी नांगराले जुंपते का जी? अन् नांगराच्या बैलाले पटात? दोन्ही बैलच होत. पण ज्याचं त्याचं वावर आहे."

माझं मतही तेच आहे, फक्त मी ते इतकं थोडक्यात सांगू शकलो नसतो. शर्यत करायची असेल, इंजिनाचं बाकीचं काम केलेलं असेल, गिअर जमिनीतून येणारा असेल आणि पोलादाचं चाक घडवायची ऐपत असेल, तर वजन जरूर उतरवा. रोजच्या गाडीत गंमतच करायची असेल तर थोडंसं, काठावरून, जाणत्या हाताने, आणि बॅलन्स करून. पण म्हशींच्या मागून घरी येणाऱ्या, तांदूळ वाहणाऱ्या, चाळीस घोड्यांच्या कुटुंबवत्सल पद्मिनीला कंपनीने जे वजन दिलं, ते तिथे कुणी विसरून राहिलेलं नव्हतं. कुर्ल्याच्या अभियंत्यांनाही बीड फुकट मिळत नव्हतं.

साडभाऊंनी हे कबूल केलेलं नाही. त्यांचं अधिकृत म्हणणं असं आहे, की हलकं चाक उत्तम आहे, फक्त पवनीचे रस्ते अजून त्या पातळीला पोहोचलेले नाहीत. मात्र गेल्या काही दिवसांपासून ते मूळ वजनाचं चाक शोधत आहेत, "नुसतं जपून ठेवायला." कातलेलं बीड परत चिकटवता येत नाही. मुंबईत बाद झालेल्या टॅक्सी भंगारात गेल्या, तेव्हा त्यांची फ्लायव्हीलंही कुर्ल्याच्या बाजारात कुठे ना कुठे पडलेली असणार, या आशेवर फोन चालू आहेत. तिकडचा एक जण वजनावर भाव सांगतो आहे. ज्या अडीच किलोंचा भुगा करायला साडभाऊंनी खरादवाल्याला पैसे दिले, तेच अडीच किलो आता किलोच्या भावाने परत विकत घ्यायचे आहेत.

तेव्हा वाचकांना विनंती. आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या अडगळीत फियाट 1100चं किंवा पद्मिनीचं न कातलेलं, दातेरी रिंगेसकट फ्लायव्हील दार अडवायला किंवा लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलेलं असेल, तर ते देऊन टाकू नका. पवनीत येऊन पानठेल्यावर 'हलक्या गाडीवाले' कुठे राहतात असं विचारा. कुणीही घर दाखवेल. चाक किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घेऊ. साडेआठ किलोंच्या खाली भरलं तर मात्र घेणार नाही.